एका मंदकंठाची कैफियत

कोल्हापुरात जन्म घ्यावा, पंचगंगेच्या पाण्यावर वाढावे, तांबड्या-पांढऱ्या रश्श्यावर देह पोसावा, आणि इतका सारा सरंजाम यथासांग लाभूनही विधात्याने कंठात मात्र हातभर अंतरावर जेमतेम पोहोचेल एवढाच आवाज घालून पाठवावे, यासारखा दैवदुर्विलास मनुष्याच्या वाट्याला क्वचितच येत असेल. उंची कमी असली तर टाचा उंचावता येतात, केस गेले तर फेटा बांधता येतो आणि कोल्हापुरात तो शोभूनही दिसतो. परंतु आवाजाची उणीव झाकील असे वस्त्र अद्याप कोणत्याही पेठेत शिवले गेलेले नाही. माझी ही तक्रार आजवर मी अनेकांना तोंडी सांगितली. ती कोणाला ऐकूच न गेल्यामुळे अखेर लेखी कैफियत दाखल करण्याचा मार्ग पत्करीत आहे.

या शहरात साधे बोलणे कशास म्हणतात, हे परमुलखातील वाचकांस समजावून सांगणे कठीण आहे. केंद्र सरकारने सन २००० मध्ये ध्वनिप्रदूषणाचे नियम जारी केले आणि निवासी वस्तीसाठी दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा मुक्रर केली. ज्या सत्प्रवृत्त अधिकाऱ्यांनी हे आकडे ठरविले, त्यांनी मंगळवार पेठेतील दोन सख्ख्या भावांना सकाळी एकमेकांची ख्यालीखुशाली विचारताना ऐकले असावे असे वाटत नाही. एकदा पुण्याचे एक स्नेही आमच्याकडे मुक्कामाला होते. सकाळी सहा वाजता ते माझ्या उशाशी येऊन उभे राहिले. चेहरा पांढराफटक.

“शेजारी मारामारी चालली आहे. पोलिसांना कळवायचं का?”

मी कान देऊन ऐकले. शेजारचे आण्णा माडीवरून अंगणातल्या धाकट्या बंधूंना ‘आंघोळ झाली काय?’ असे विचारीत होते, आणि बंधू ‘झाली की!’ असे उत्तर देत होते. त्या संभाषणात यापलीकडे काहीही नव्हते. पुण्याच्या स्नेह्यांचा मात्र विश्वास बसला नाही. ‘झाली की’ या दोन शब्दांत एवढा त्वेष मावतो हे त्यांच्या अनुभवाच्या कक्षेबाहेरचे होते. वास्तविक आमच्याकडे आवाज चढतो तो प्रेमाने. रागाची रीत निराळी असते. ज्या दिवशी आण्णा खालच्या पट्टीत, शब्द तोलून, कोणाला तरी ‘बरं, बघू’ असे म्हणतात, त्या दिवशी सबंध गल्ली खिडक्या लावून घेते.

अशा या नगरीत माझ्यासारख्या मंदकंठाची जी परवड होते तिचा आरंभ शाळेतच झाला. मी वर्गात पहिल्या बाकावर बसत असे, गुरुजी माझे नाव घेत, मी सर्व शक्ती एकवटून ‘हजर’ म्हणत असे, आणि गुरुजी चष्म्यावरून थेट माझ्याकडे पाहत हजेरीपत्रकावर गैरहजेरीची खूण करीत. वार्षिक निकालाच्या वेळी मी दीर्घकाळ अनुपस्थित राहूनही उत्तीर्ण झालो याबद्दल माझे जाहीर कौतुक करण्यात आले, आणि त्यास मी घेतलेली हरकत, अर्थातच, कोणाच्याही कानी पडली नाही.

पुढे संसारात पडल्यावर बसने प्रवास करण्याचा प्रसंग वारंवार येऊ लागला. बिंदू चौकात उतरायचे असले की मी दोन थांबे आधीपासून ‘थांबवा, थांबवा’ असा जप सुरू करतो. परंतु वाहक माझ्याकडे, हा गृहस्थ नामस्मरण करीत असावा अशा आदरयुक्त नजरेने पाहून पुढे निघून जातो. एकदा शेजारच्या आसनावरील मावशींना माझी दया आली. “उतरायचंय काय दादा तुम्हाला?” असे विचारून त्यांनी मांडीवरची भाजीची पिशवी खाली ठेवली, पदर सावरला, आणि ‘ओऽऽ मास्तरऽऽ’ अशी एकच हाळी दिली. बस थांबली. बसच्या मागची रिक्षा थांबली. समोरून येणारा एक सायकलस्वार, ज्याचा या प्रकरणाशी काडीमात्र संबंध नव्हता, तोही एक पाय जमिनीला टेकवून उभा राहिला. मी खाली मान घालून उतरलो.

मिसळीच्या हॉटेलात तर माझे हाल याहून भयंकर होतात. तेथे वाढप्याला हाक मारण्याची एक स्पर्धा अहोरात्र चालू असते, आणि या स्पर्धेमागे शास्त्र आहे असे मला अलीकडेच कळले. एत्येन लोम्बार नावाच्या एका फ्रेंच कर्णवैद्याने १९११ साली असे दाखवून दिले की, भोवताली गलबला असला म्हणजे मनुष्य नकळत आपला आवाज चढवितो. शेजारचा चढवितो म्हणून हा चढवितो, हा चढवितो म्हणून पलीकडचा चढवितो. लोम्बारसाहेबांनी कोल्हापुरात मिसळ खाल्ल्याची नोंद कोठे नाही, तथापि त्यांचा सिद्धांत आमच्याकडे रोज सकाळी आठ ते अकरा या वेळात विनामूल्य सिद्ध करून दाखविला जातो. एक जण ‘कट आण की!’ म्हणतो, दुसरा त्यावर मात करीत ‘पाव!’ म्हणतो, तिसरा ‘पाव न्हवं, स्लाईस!’ म्हणून दोघांना झोपवितो, आणि या रणधुमाळीत माझे ‘अहो, जरा पाणी मिळेल का?’ हे व्याकरणशुद्ध वाक्य रश्शाच्या तर्रीत बुडून मरते. ठसका लागल्यावर मात्र पाणी त्वरित मिळते, कारण ठसका माझ्या आवाजाहून मोठा आहे.

मी एकदा असा विचार केला की, हा दोष माझा नसून शहराच्या इतिहासाचा असावा. आणि इतिहास चाळता चाळता माझी खात्रीच पटली. राजर्षी शाहू महाराज १९०२ साली विलायतेस गेले असता त्यांनी रोममधील प्राचीन क्रीडागार पाहिले, आणि त्या धर्तीवर आपल्या राजधानीत कुस्त्यांचे मैदान असावे अशी इच्छा त्यांना झाली, असे सांगतात. त्यातून १९१२ साली खासबाग मैदान उभे राहिले. मध्ये हौदा, आणि भोवती चढत जाणारी बैठक अशी की शेवटच्या माणसालाही पकड दिसावी. त्या काळी ध्वनिक्षेपक नव्हता. हलगी होती आणि नरडी होती. हजारो माणसे एका वेळी ‘घे, घे, घे!’ म्हणून ओरडत असताना आपल्या पैलवानाला आपलेच ‘घे’ ऐकू जावे अशी प्रत्येकाची महत्त्वाकांक्षा असल्यास त्या शहराचे पिढ्यान् पिढ्यांचे कंठ कसे घडतील, हे सांगण्यास लोम्बारसाहेबांची आवश्यकता नाही.

याच मैदानाला लागून महाराजांनी पॅलेस थिएटर बांधले. ज्या केशवराव भोसल्यांचे नाव पुढे त्या नाट्यगृहाला देण्यात आले, ते कोल्हापूरचेच. १८९० साली जन्मलेले आणि अवघ्या एकतीस वर्षांच्या आयुष्यात आपल्या चढ्या, तडफदार गळ्याने साऱ्या महाराष्ट्राला वेड लावून गेलेले. भिंतीच्या अलीकडे केशवरावांची तान आणि पलीकडे खासबागेतील आरोळी, अशा शेजारात वाढलेल्या प्रेक्षकाला कुजबुज हा प्रकार शिकविणार कोण? आता गंमत पाहा. बाबूराव पेंटरांनी या शहरात महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि १९२० पासून येथून चित्रपट बाहेर पडू लागले, ते सारे मूक! ज्या गावात कोणाला क्षणभर मुके राहणे साधले नाही, त्या गावाने दहा-बारा वर्षे मूकपट काढावेत, हा इतिहासाने केलेला विनोद आहे. ती कोंडी १९३२ साली फुटली. ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट प्रभात कंपनीने काढला, तो कोल्हापुरातच. आणि कंपनीचे बोधचिन्ह काय, तर तुतारी फुंकणारी ललना! पुढल्याच वर्षी प्रभातने आपला मुक्काम पुण्यास हलविला. त्याची धंदेवाईक कारणे जाणकारांनी सांगितलेली आहेत व ती खरीही असतील. मला मात्र राहून राहून अशी शंका येते की, ध्वनिमुद्रणाच्या यंत्रात नायिकेच्या विलापाबरोबर रस्त्यावरचे ‘काय मर्दा, कुटं निघालास?’ हेही उमटत असावे.

या साऱ्या इतिहासात माझ्यासारख्याला दिलासा देणारी एकच व्यक्ती सापडते, आणि ती म्हणजे महाराजांच्या दरबारातील थोर गायक अल्लादिया खाँसाहेब. कोल्हापुरास येण्यापूर्वी, ऐन उमेदीत, अतिगायनाने त्यांचा आवाज गेला होता. तो परत आला तेव्हा पूर्वीचा राहिला नव्हता. खाँसाहेबांनी मग त्या बदललेल्या आवाजाला मानवेल अशी नवी गायकी घडविली, आणि जयपूर-अत्रौली घराणे म्हणून आज सारे जग तिच्यापुढे मान तुकविते. हे उदाहरण मी सौभाग्यवतींना मोठ्या आशेने सांगितले. त्या म्हणाल्या, “त्यांचा गेला होता. तुमचा आलाच कुठं होता?”

सौभाग्यवतींचे माहेर पन्हाळ्याच्या पायथ्याशी आहे, आणि त्यांच्या घराण्यात दूरध्वनी फार उशिरा आला, कारण तशी निकडच भासली नव्हती. त्यांचे मामा, ज्यांना सारे आबा म्हणतात, हे हाळीतले नामांकित. उसाच्या या टोकाला उभे राहून पार ओढ्यापलीकडच्या माणसाला ते घरी बोलावून घेतात. माझी स्थिती पाहून त्यांनी मला विद्यादान करण्याचे ठरविले. एका थंडीत, गुऱ्हाळ चालू असताना, काहिलीतला रस उकळेपर्यंतच्या अवकाशात आमचा पाठ सुरू झाला.

“जावयबापू, पहिलं ह्ये ध्यानात घ्या,” आबा म्हणाले, “हाक येगळी, हाळी येगळी. हाक माणसाला असती. हाळी शिवाराला असती. त्यातला माणूस आपुआप मान वर करतोय.”

यापुढे त्यांनी जे निरूपण केले ते एखाद्या ध्वनिशास्त्रज्ञाने टिपून घ्यावे अशा योग्यतेचे होते. हाळीत मजकूर घालायचा नाही. आधी नाव, मग दम, आणि तो माणूस थबकला म्हणजे मग मजकूर, तोही दोन शब्दांचा. व्यंजने बांधाच्या आतच गळून पडतात, पुढे जातात ते स्वर. म्हणून सदाशिवाचा सद्या होतो आणि दत्तात्रयाचा दत्त्या. शहरी माणसाला ती हेटाळणी वाटते, परंतु ‘दत्तात्रय’ असे शुद्ध उच्चारलेले नाव ओढा ओलांडू शकत नाही आणि ‘दत्त्याऽऽ’ ओलांडते, एवढाच त्यातला व्यवहार आहे. हाळी वाऱ्याच्या दिशेने द्यावी, विरुद्ध दिली तर आवाज वर उडून जातो. सर्वोत्तम वेळ पहाटेची किंवा दिवस बुडतानाची, कारण त्या वेळी जमिनीलगतची हवा थंड असते आणि आवाज वर न जाता खाली वाकून दूर जातो. पुस्तकांत याची उपपत्ती दिलेली आहे, पण आबांनी पुस्तक वाचलेले नव्हते, त्यांनी शिवार वाचले होते. शेवटी त्यांनी मूलमंत्र दिला:

“आवाज नरड्यातनं न्हाई काढायचा. बेंबीच्या देठापासनं काढायचा. काढा बघू.”

मी मुठी आवळल्या, डोळे मिटले, देठाचा शोध घेतला आणि हाळी दिली. बराच वेळ कोणी काही बोलले नाही. चुलवाणाशी बसलेल्या जळव्याने, म्हणजे जाळ घालणाऱ्या गड्याने, सहानुभूतीने एक खोकला काढला.

“जावयबापू,” आबा सावकाश म्हणाले, “ही हाळी दिलासा, का जांभई दिलासा?”

मग त्यांनी स्वतः उठून, उजवा हात कानामागे धरून, ओढ्याकडे तोंड केले. “ओऽऽ संभ्याऽऽ!” पलीकडून कोठून तरी ‘ओऽऽ’ आले. “जावयबापूऽऽ च्याऽऽ!” चहा टाकायला सांग, असा त्याचा अर्थ. संभ्याने तो निरोप पुढच्या बांधावर दिला, तेथून तो विहिरीवर गेला, विहिरीवरून वस्तीवर आणि वस्तीवरून घरी. आम्ही पायी घरी पोहोचलो तेव्हा मामीसासूबाई दारात काढ्याचा पेला घेऊन उभ्या होत्या; जावयबापूंचा घसा बसला आहे, असा निरोप त्यांना पोहोचला होता. काढा मी बिनतक्रार प्यालो. मजकूर बदलला असला तरी निदान माझ्यासंबंधी काहीतरी इतक्या दूरवर पोहोचले होते, हे माझ्या आयुष्यात प्रथमच घडत होते.

शहरात परतल्यावर आण्णांच्या दूरध्वनीने माझी कसोटी पाहण्यास सुरुवात केली. आण्णांचे अर्धे आयुष्य ट्रंक कॉलच्या जमान्यात गेले. तेव्हा पोस्टात जाऊन क्रमांक नोंदवावा, तासन् तास बाकावर बसावे, आणि जोडणी लाभताच तीन मिनिटांत सारी इस्टेट, आजारपण आणि सोयरीक ओरडून सांगावी, अशी वहिवाट होती. थेट क्रमांक फिरवून परगावी बोलण्याची सोय हिंदुस्थानात १९६० साली कानपूर आणि लखनौ यांच्या दरम्यान प्रथम सुरू झाली; आण्णांच्या कंठापर्यंत ती सुधारणा अद्याप आलेली नाही. त्यांचा ठाम समज असा की, आवाज अंतराच्या प्रमाणात असला पाहिजे. सांगलीला ते साधारण बोलतात, पुण्यासाठी खुर्चीवरून उठतात, मुंबईसाठी गॅलरीत येतात, आणि त्यांची कन्या दुबईत असल्यामुळे दर रविवारी गच्चीवर जातात. भ्रमणध्वनी हाती असतो तो केवळ शिष्टाचार म्हणून.

याच सुमारास माझा भाचा, जो अमेरिकेत उत्तर कॅरोलायना प्रांतात नोकरीस आहे, मला म्हणाला, “मामा, काही लागलं तर संकोच करू नका, नुसतं होलर करा.” हा शब्द मी ऐकला नव्हता. कोशांत शोधता असे निष्पन्न झाले की, होलर म्हणजे मोठ्याने ओरडणे, आणि हा शब्द सभ्य इंग्रजीच्या दिवाणखान्यातला नसून परसदारचा आहे. त्याचे मूळ पुरुष म्हणजे ‘हो’ आणि ‘ला’ हे दोन फ्रेंच शब्द. ‘हो’ ही लक्ष वेधण्याची हाक, आणि ‘ला’ म्हणजे तेथे. अर्थात ‘अरे, तिकडच्या!’ हा होला समुद्र ओलांडून इंग्लंडात गेला, तेथे शिकारी आपल्या कुत्र्यांना त्याच्या नाना रूपांनी हाका मारू लागले, आणि सतराव्या शतकाच्या अखेरीपासून अमेरिकेतील वसाहतींत त्याचे ‘होलर’ झालेले आढळते. याच भाऊबंदकीत हॅलोही येतो. टेलिफोन निघाला तेव्हा तो उचलल्यावर काय म्हणावे याविषयी मोठा पेच पडला होता. अलेक्झांडर ग्राहम बेल यांचा आग्रह ‘अहॉय’ या खलाशी आरोळीसाठी होता, तर एडिसनसाहेबांनी १५ ऑगस्ट १८७७ रोजी एका पत्रात हॅलोची शिफारस केली. इतकेच नव्हे तर असेही सुचविले की, हॅलो हा शब्द दहा ते वीस फुटांवरून ऐकू येत असल्यामुळे घंटी बसविण्याची गरजच नाही. हे वाचताना मला आण्णांची आठवण होऊन गहिवरून आले. आण्णांचा हॅलो रंकाळ्यावर ऐकू जातो. एडिसनसाहेबांनी त्यांना ऐकले असते तर घंटीबरोबर तारही रद्द केली असती.

भाच्याच्या त्या प्रांतात स्पायव्हीज कॉर्नर नावाचे खेडे आहे. शेतकरी पूर्वी एकमेकांना शिवारातून ज्या हाळ्या देत, प्रत्येकाची निराळी, सकाळची निराळी, संकटाची निराळी, जनावरांना बोलाविण्याची निराळी, त्या विद्येचा लोप होऊ नये म्हणून तेथे १९६९ साली होलर करण्याच्या राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाल्या आणि २०१६ पर्यंत चालल्या. मग त्या बंद पडल्या. आबांना हे सांगितले तेव्हा ते फार हळहळले, “आधी सांगायचं न्हाईसा? एक गाडी करून गेलो असतो की!” असे म्हणाले.

खरी आपत्ती ओढवली ती गंगावेशीत. तेथे रात्री दूधकट्ट्यावर म्हशी येऊन उभ्या राहतात, समोर धार काढतात, आणि पेलाभर धारोष्ण दूध पिता पिता माणसे जगाचे न्यायनिवाडे करतात. पेला संपेपर्यंत काहीतरी बोलायचे म्हणून मी आण्णांना या होलरची हकीकत सांगितली. म्हणजे सांगू लागलो. त्यातले त्यांना ‘होलर’, ‘हॅलो’ आणि ‘हाळी’ एवढे तीनच शब्द ऐकू गेले.

“थांब!” आण्णा गर्जले. म्हशीने मान वळविली. “हाळी... होलर... हॅलो! आरं, आपलाच शब्द की मर्दा! इंग्रज संस्थानात रेसिडेंट म्हणून बसला हुता न्हवं? त्येनं नेला!”

आमच्याकडे शब्दांच्या व्युत्पत्तीविषयी एक सर्वसामान्य संकेत आहे. जगातील कोणताही चांगला शब्द मुळात आपला असतो, आणि उरलेले सर्व अपभ्रंश असतात. पदवीधर माणसे हे संस्कृताच्या नावे सिद्ध करतात, आण्णांनी ते करवीर संस्थानच्या नावे केले, एवढाच फरक. मी नम्रपणे म्हणालो की, ध्वनिसाम्य म्हणजे नाते नव्हे. शिवाय होलर हा शब्द अमेरिकेत रुळून दीडशे वर्षे लोटल्यावर मग कोठे कोल्हापुरास रेसिडेन्सी झाली, आणि तो फ्रेंच ‘हो’ व ‘ला’ यांपासून झालेला आहे असे कोश सांगतात. हे सर्व मी सांगितले. परंतु त्याच वेळी आण्णा कट्ट्यावरील समस्त मंडळींना, रस्त्यापलीकडच्या पानपट्टीला आणि माझा अदमास खरा असेल तर शिवाजी पूल ओलांडून वडणग्यालाही, हॅलो कोल्हापूरचा असल्याची वार्ता देत होते. मजकडे प्रमाणे होती आणि आण्णांकडे आवाज होता. पेला रिकामा होईपर्यंत निकाल लागला.

दुसऱ्या दिवशी वाणी मला म्हणाला, “हॅलो आपला हाय म्हणं!” न्हाव्याने त्यात तपशील भरला: रेसिडेंटसाहेबांची मडम जोतिबाच्या चैत्र यात्रेला गेली असता तिने सासनकाठ्यांच्या गर्दीत ‘चांगभलं’च्या मागोमाग कोणाची तरी हाळी ऐकली आणि विलायतेस पत्र धाडले. आठवडा उलटण्यापूर्वी त्या पत्राची नक्कल कोणाच्या तरी चुलत्याने प्रत्यक्ष पाहिलेली होती.

आणि या शहराच्या हाळीच्या सामर्थ्याविषयी शंका घेणारा मी कोण? मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ कोल्हापुरात व्हावे म्हणून येथील वकील आणि पक्षकार चाळीस वर्षांहून अधिक काळ हाळी देत होते. मुंबई येथून सुमारे पावणेचारशे किलोमीटर. वारा बहुतेक काळ विरुद्ध. तरीही ती अखेर पोहोचली, आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून सर्किट बेंच सुरू होऊन सहा जिल्ह्यांच्या पक्षकारांचे पुकारे येथेच होऊ लागले. आण्णा त्या दिवशी पेढे वाटीत होते आणि आपण १९८० पासून किती वेळा घोषणा दिल्या हे प्रत्येक पेढ्यागणिक सांगत होते. माझे नाव पुकारले जाऊन मला ‘हजर’ म्हणावे लागेल असा कोणताही दावा माझ्यावर दाखल होऊ नये, एवढीच प्रार्थना मी मनोमन केली.

गणेशोत्सवात आमच्या पेठेतील मंडळाने व्याख्यान ठेवले. विषय: ‘जगाला कोल्हापूरची देणगी’. वक्ते आण्णा. कार्यकर्त्यांनी ध्वनिक्षेपक पुढे सरकविला तेव्हा आण्णांनी तो हाताने बाजूला सारला, आणि सभेतून कोणीतरी “एक नरड्यात हाय, दुसरा कशाला?” असे म्हणताच टाळ्या पडल्या. आण्णांनी गूळ सांगितला, चपला सांगितल्या, कुस्ती सांगितली, आणि शेवटी हॅलोवर आले. मडमेचे पत्र आले. एडिसनचे नाव आले. तो कोल्हापुरात येऊन गेला की नाही याविषयी आण्णांनी उदारपणे दोन्ही शक्यता खुल्या ठेवल्या.

सत्याची इतकी विटंबना मला सहन होईना. मी शेवटच्या रांगेत उभा राहिलो, मुठी आवळल्या, बेंबीचा देठ स्मरला, आणि म्हणालो, “हे बरोबर नाही. हा शब्द मुळात फ्रेंच आहे. फ्रान्समधून तो इंग्लंडात गेला.”

माझी हरकत तीन रांगांपर्यंत पोहोचली असावी, कारण अध्यक्षांनी मान उंचावून विचारले, “मागं कोण उभं ऱ्हायलंय? काय म्हणत्यात ते?”

माझ्या शेजारी तालमीतला एक सज्जन तरुण बसला होता. वडीलधाऱ्या माणसाचे बोलणे वाया जाऊ नये या सद्भावनेने तो उठला, छाती भरून घेतली, आणि खासबागेला साजेशा आवाजात त्याने सभेस कळविले:

“सर म्हणत्यात, आण्णांचं बराबर हाय! इंग्लंडातच न्हवं, ह्यो शब्द फ्रान्सात बी गेलाय म्हणत्यात!”

मंडप दणाणला. हलगी कडाडली. कोणीतरी माझ्या डोक्यावर गुलाल टाकला, कोणीतरी हाती नारळ दिला, आणि मी तोंड उघडून खुलासा करीत असतानाच आण्णा व्यासपीठावरून उतरून, गर्दी दुभंगीत, थेट माझ्यापर्यंत आले व मला मिठी मारून माझ्या कानाशी, त्यांच्या परीने अगदी हळू आवाजात, सबंध पेठेला ऐकू जाईल असे म्हणाले, “फ्रान्सचं आदी बोलायचं न्हाईस व्हय रं मर्दा?”